उत्तरेचा उजेड

हडर्सफील्डच्या गिरणीत माझ्या वाट्याला
एक पेटी आली आहे. कपाटाएवढी, आतून राखाडी.
तिला पाच बटणं. पहिलं दाबलं की दुपार होते.
साधी दुपार नव्हे; ढगाळ आभाळाची, उत्तरेच्या खिडकीतली,
जी कुणाची बाजू घेत नाही.
डिसेंबरात बाहेर साडेतीनलाच दिवे लागतात,
मी सहापर्यंत दुपारीच असते.

काम इतकंच: गिऱ्हाइकाने पाठवलेला तुकडा
आणि आमच्या हंड्यातून निघालेला तुकडा
शेजारी ठेवायचे, पंचेचाळीस अंशांत,
आणि सांगायचं. पास.
किंवा लाल कमी. किंवा
अजून थोडा निळा, पण चोरून.
मग दुसरं बटण, दुकानातली ट्यूबलाइट.
तिसरं, घरातला पिवळा बल्ब.
दुपारी जुळे असलेले तुकडे
बल्बखाली एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत.

याला शास्त्रात नाव आहे.
इचलकरंजीत नव्हतं.
तिथे मॅचिंग सेंटरमधले जाजू
ढीगभर ब्लाउजपीस पसरून म्हणायचे, वहिनी, डिट्टो!
आणि आई काही न बोलता दोन्ही कापडं उचलून
पायरीवर जायची, उन्हात.
एकदाच घाईत, दिवेलागणीनंतर गेली.
त्या जांभळ्या साडीवरचा ब्लाउज
तिने पुढे अकरा वर्षं फक्त रिसेप्शनला घातला.

मला शिकवलं नॉर्मन हेग यांनी.
दोन हजार तास झाले की नळी बदलायची,
पेटत असली तरी.
"उजेड देते, पण खरं सांगत नाही,"
असं म्हणून ते तासांचा आकडा खडूने
पेटीच्या कडेला लिहीत.
त्यांच्या डोळ्यांवर कुणी आकडा लिहिला नव्हता.

मार्चमध्ये एक नेव्ही सूट परत आला.
कोट एका लॉटचा, पँट दुसऱ्या लॉटची.
लीड्सच्या शिंप्याची चिठ्ठी:
नवरदेव कमरेपाशी संपतो आणि खाली दुसराच कुणी सुरू होतो.
दोन्ही लॉटवर हेग यांची सही.
त्यानंतर चार महिने त्यांचे निळे
मी आधी बघून ठेवायचे, जेवणाच्या सुट्टीत,
ते सूप पीत असताना.
आणि त्यांना कळत होतं.
मगवर बोट वाजवत ते मुद्दाम
खिडकीबाहेर बघत बसत.

मोतीबिंदू. जुलैत त्यांनी काम सोडलं,
नोव्हेंबरात उजवा डोळा झाला. डावा अजून रांगेत.
परवा आले, टोपी न काढताच
पेटीसमोर उभे राहिले, पहिलं बटण दाबलं.
एक डोळा तळव्याने झाकला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.
"डाव्याने बघितलं तर वाटतं यावर चहा सांडलाय."
उजव्याचं काही बोलले नाहीत.
बऱ्याच वेळाने म्हणाले, "किती वर्षं झाली असतील?"
मी म्हणाले, लोकांनी घातलं की ते सगळं,
उन्हात उभं राहून कोण बघतंय.
"ऊन?" ते म्हणाले. "या गावात?"
आणि असे हसले की टोपी पडली.

ते गेले. आकडा एकोणीसशे ऐंशीवर होता,
नवी नळी खोक्यात पडून आहे.
माझ्या लॉकरमध्ये, आईच्या कपाटातून
यंदा आणलेली ती जांभळी साडी आहे, ब्लाउजसकट.
कुणी नव्हतं. दोन्ही आत ठेवले, पंचेचाळीस अंशांत.
दुपारी, बल्बखाली, नुसते शेजारी.
दुसऱ्या बटणावर, दुकानातल्या ट्यूबखाली,
डिट्टो.
जाजू खोटं बोलत नव्हते.

बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी
काचेवरचं बर्फ खरवडत होतं.
मी पहिलं बटण पुन्हा दाबलं नाही.